विंडसर्फिंग शिकताना लाइफ जॅकेट: कोणते घ्यावे, कसे घालावे आणि त्याच्या भरवशावर किती राहावे

विंडसर्फिंगच्या पहिल्या दिवशी शिकाऊ माणसाच्या पायाखाली जो बोर्ड देतात तो साधारण १८० ते २२० लिटरचा असतो. त्यावर दोन मोठी माणसे बसली तरी तो बुडत नाही. मग एवढी मोठी तरंगती फळी सोबत असताना अंगात वेगळे लाइफ जॅकेट कशाला, असे बरेच जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की बोर्ड तरंगतोच, पण तो तुमच्या हाताशी असेल याची खात्री नाही. पडल्यावर तुमच्यात आणि बोर्डात कधी दोन हातांचे अंतर असते, कधी दहा मीटरचे. मास्टफूटचा, म्हणजे शिडाचा खांब (मास्ट) बोर्डाला जिथे बसतो तो जोड तुटला तर वारा बोर्डाला तुमच्या पोहण्याच्या वेगापेक्षा भराभर घेऊन जातो. जॅकेट आहे ते त्या अंतरासाठी.

म्हणून शिकणाऱ्याने जॅकेट घालावे, आणि प्रत्येक वेळी घालावे. मात्र मिळेल ते जॅकेट घालून भागत नाही. जॅकेटमुळे काही गोष्टी सोप्या होतात, तशा दोन-तीन गोष्टी अवघडही होतात. त्या कमरेइतक्या पाण्यात आधी करून पाहिलेल्या नसतील तर अंगातले जॅकेट ऐन वेळी गोंधळ वाढवते.

जॅकेट नेमके काय करते

फुप्फुसात हवा असली की माणूस पाण्यात जवळजवळ तरंगतोच. प्रश्न असतो नाकातोंडाचा. ते सतत पाण्यावर राहायला बहुतेक प्रौढांना ३ ते ५ किलोची जादा उचल लागते. जॅकेटच्या लेबलवर ही उचल न्यूटनमध्ये लिहिलेली असते. १० न्यूटन म्हणजे ढोबळमानाने १ किलो. ५० न्यूटनचे जॅकेट ५ किलोची उचल देते, आणि शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसाला तेवढी पुरते.

पाणी गोडे की खारे, यानेही फरक पडतो. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. ७० लिटर आकारमानाच्या शरीराला समुद्र जी पावणेदोन किलोची जादा उचल फुकट देतो, ती धरणात मिळत नाही. तारकर्लीच्या समुद्रात आरामात उताणा पडणारा माणूस पानशेतच्या पाण्यात नाकात पाणी जाऊन धडपडतो, ते यामुळे. धरणात सरावाला जाणार असाल तर ‘इथे लाटा नाहीत’ म्हणून जॅकेट गाडीत ठेवू नका.

‘परदेशातले चांगले विंडसर्फर कुठे जॅकेट घालतात?’ हेही ऐकू येते. त्यांच्यातले पुष्कळ जण घालत नाहीत, हे खरे आहे. पण थंड देशांत त्यांच्या अंगात ४-५ मिलिमीटर जाडीचा निओप्रीनचा, म्हणजे फेसाळ रबराचा, वेटसूट असतो आणि त्या निओप्रीनच्या बुडबुड्यांतली हवाच त्यांना तरंगवत असते. कोकणात किंवा गोव्यात आपण पातळ लायक्राचा टी-शर्ट घालून उतरतो. त्याची उचल शून्य. म्हणजे त्यांच्याकडे पाहून जॅकेट काढणारा माणूस त्यांच्यापेक्षा दुप्पट उघडा पडतो. शिवाय शीडनौकांच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींच्या नियमांत वेटसूटला जॅकेट मानतच नाहीत. संयोजकांनी ‘वाय’ झेंडा चढवला की प्रत्येक स्पर्धकाने जॅकेट घातलेच पाहिजे.

तरीही शिकणाऱ्याच्या दृष्टीने जॅकेटचा सगळ्यात मोठा फायदा बुडण्याशी थेट संबंधित नाही. तो दमण्याशी आहे. पहिल्या दिवसांत तुम्ही तासाभरात कित्येकदा पडता. प्रत्येक वेळी पोहत बोर्डाकडे जायचे, पोटावर चढायचे, उभे राहायचे आणि अपहॉल दोरीने पाण्याने भरलेले शीड ओढून काढायचे. पंधराव्या वेळी दंड थरथरायला लागतात, श्वास तोकडा होतो आणि मग चुकीचे निर्णय होतात: शीड सोडून किनाऱ्याकडे पोहत निघणे, वाऱ्याशी भांडत बसणे. जॅकेट असले की पडल्यावर मिनिटभर काहीही न करता पाण्यात पडून राहता येते. श्वास जागेवर येतो आणि वारा कुठून येतोय, आपण किती वाहून गेलोय, हे बघायला सवड मिळते. बूमचा, म्हणजे शीड ज्याला धरून सांभाळतात त्या आडव्या दांड्याचा, दणका बसला तर बरगड्यांना फोमची गादी मिळते, हा वरचा लाभ.

कोणते घ्यावे

आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १२४०२ मध्ये जॅकेटांचे चार स्तर आहेत: ५०, १००, १५० आणि २७५. यांतला ५० चा प्रकार म्हणजे ‘बॉयन्सी एड’. १०० पासून पुढची खरी ‘लाइफ जॅकेट’. आपण बोलताना सगळ्यांनाच लाइफ जॅकेट म्हणतो, पण दुकानात हा फरक लक्षात ठेवावा लागतो. बॉयन्सी एड बेशुद्ध माणसाला उताणे करून त्याचे तोंड पाण्याबाहेर ठेवत नाही. तेवढी शक्ती त्यात नाही आणि मानेमागे कॉलरही नाही. लाइफ जॅकेटची रचना त्या कामासाठीच असते.

हे वाचून वाटेल की मग जास्त न्यूटनचेच घ्यावे. विंडसर्फिंगसाठी तसे नाही. पर्यटकांच्या बोटीवर देतात ते नारिंगी, छातीवर जाड ठोकळे असलेले जॅकेट घालून बोर्डावर चढायचा प्रयत्न करून पाहा. ठोकळे बोर्डाच्या कडेला अडतात, छाती बोर्डावर सरकत नाही, आणि दोन-तीन प्रयत्नांतच हात गळतात. उभे राहिलात तरी अपहॉल दोरी ठोकळ्यांवर घासते आणि बूम अंगाजवळ घेता येत नाही. ज्या बोर्डावर तुम्ही परत चढू शकत नाही, तो बोर्ड तुमचा जीव वाचवणार नाही. म्हणून शिकणाऱ्यासाठी ५० न्यूटनची, कमरेच्या वर संपणारी, खांद्यांपाशी मोकळी कापलेली बॉयन्सी एड सर्वांत उपयोगी, पण दोन अटींवर: तुम्हाला पोहता येत असावे, आणि किनाऱ्यावर किंवा बोटीत कोणीतरी तुमच्यावर लक्ष ठेवून असावे. पोहता येत नसेल तर आधी पोहायला शिका. न थांबता निदान १०० मीटर पोहता येईपर्यंत आणि खोल पाण्यात दहा मिनिटे शांतपणे तरंगता येईपर्यंत विंडसर्फिंगची घाई करू नका.

गॅसने फुगणारी जॅकेटे या खेळाला चालत नाहीत. त्यांतली स्वयंचलित तर मुळीच नाहीत: पाणी लागले की आतली गोळी विरघळते, ३३ ग्रॅमचे कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर फुटते आणि पहिल्याच पडण्यात तुम्ही फुग्यासारखे फुगून बसता. ओढदोरीने फुगवायचे, कमरेच्या पट्ट्यातले प्रकार अनुभवी लोक लांबच्या फेरीला वापरतात. शिकणाऱ्याच्या बाबतीत, गरज पडेल त्या क्षणी दोरी सापडेल असे धरून चालणे धोक्याचे आहे.

आणखी एक सापळा म्हणजे ‘इम्पॅक्ट व्हेस्ट’. दिसायला सुटसुटीत, अंगाला घट्ट, काइटसर्फिंगवाल्यांत लोकप्रिय. मार लागू नये हे त्याचे काम. काहींत ५० न्यूटनची प्रमाणित उचल असते, पण पुष्कळांत ती नसते. आतल्या लेबलवर न्यूटनचा आकडा आणि १२४०२-५ हा क्रमांक नसेल तर ते तरंगण्यासाठी नाही असे समजा.

रंग नारिंगी, पिवळा किंवा भडक हिरवट-पिवळाच घ्या. निळ्या किंवा पांढऱ्या जॅकेटातले डोके फेसाळ पाण्यात दोनशे मीटरवरून शोधून सापडत नाही.

दुकानात करायची तपासणी

लेबलवर तुमचे वजन आणि छातीचा घेर दोन्ही बसले पाहिजेत. ५० चा आकडा ७० किलोवरच्या माणसासाठी असतो. लहान मापांत उचल त्यापेक्षा कमी असते, त्यामुळे सुटसुटीत वाटते म्हणून एक माप लहान घेऊ नका. मुलांसाठी तर ‘पुढच्या वर्षी होईल’ या हिशेबाने मोठे माप कधीच घेऊ नये. सैल जॅकेटातून मूल खाली सरकते आणि जॅकेट एकटेच वर राहते.

घालताना क्रम असा ठेवा. सगळे पट्टे सैल करा, चेन लावा, आधी कमरेचा पट्टा ओढा, मग बाजूचे, शेवटी खांद्यांचे. आता सोबतच्या माणसाला दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट जोरात वर उचलायला सांगा. ते हनुवटीच्या वर आले तर माप मोठे आहे किंवा पट्टे ढिले आहेत. मग दोन्ही हात समोर करून बूम धरल्यासारखे उभे राहा, गुडघे वाकवा, मागे झुका. काखेत टोचत असेल तर अर्ध्या तासात तिथली कातडी सोलवटणार, कारण खारे पाणी आणि घासणे यांचे फार वाईट जमते. शेवटी जमिनीवर पालथे झोपून दोन हात वल्ह्यासारखे मारून पाहा. मान वर उचलता आली पाहिजे.

पट्ट्यांची लोंबती टोके आत खोचायला जागा हवी. शिट्टी अडकवायला एक कडी हवी. मुलांसाठी आणि पोट सुटलेल्या माणसांसाठी मांड्यांतून जाणारा पट्टा असलेले जॅकेट घ्या. गोल पोटावर कमरेचा पट्टा टिकत नाही, पाण्यात उतरले की जॅकेट कानांशी येते.

हार्नेस, म्हणजे बूमवरच्या दोरीत अडकवायचा हुक असलेला पट्टा, पहिल्या काही दिवसांत लागत नाही. पुढे लागेल तेव्हा जॅकेट आणि हार्नेस एकत्र घालून पाहूनच दोन्ही विकत घ्या. बसायचा, म्हणजे मांड्यांतून पट्टे असलेला हार्नेस आखूड बॉयन्सी एडखाली नीट बसतो. कमरेच्या हार्नेसला जॅकेट पोटाशी पातळ आणि आखूड लागते, नाहीतर फोमची कड हुकवर लोंबते. खाली पाहिल्यावर हुक पूर्ण दिसला पाहिजे, आणि डोळे मिटून एका हाताने हार्नेसचा झटपट सुटणारा बकल उघडता आला पाहिजे. हे दोन्ही जमत नसेल तर ती जोडी घेऊ नका.

शिडाखाली सापडल्यावर

जॅकेटविरुद्धचा सगळ्यात खरा आक्षेप हाच, म्हणून इथे सावकाश वाचा.

वाऱ्याच्या झटक्याने तुम्ही पुढे फेकले गेलात आणि शीड वरून पडले, की बाहेरचा आवाज एकदम तुटतो. डोळ्यांसमोर फिकट उजेड दिसतो, पण डोके वर काढायला जागा नसते. ओले प्लॅस्टिक चेहऱ्याला चिकटते. जॅकेट नसते तर खाली बुडी मारून बाजूला निघता आले असते. जॅकेट तुम्हाला पुन्हा पुन्हा वर, त्याच शिडावर दाबत राहते. घाबरलेला माणूस इथे दोन चुका करतो: बुडी मारायचा प्रयत्न करून होता तो श्वास संपवतो, आणि दिशा बदलत गोल फिरत राहतो.

करायचे ते असे:

१. एक हात डोक्यावर नेऊन तळव्याने शीड वर ढकला. शीड हलके असते, हाताभोवती तंबूसारखी पोकळी होते आणि तीत हवा येते. तिथे श्वास घ्या.

२. हार्नेस अडकलेला असेल तर बूमकडे सरकून दोरी ढिली करा आणि हुकमधून काढा. पीळ बसून ती निघत नसेल तर बकल उघडा. दोरीशी झुंजू नका.

३. हाताला जे लागेल ते धरा: बूम, मास्ट किंवा शिडातली आडवी कांब. त्याच्या रेषेत एकाच दिशेने हातावर हात टाकत सरका. शिकाऊ शीड ३.५ ते ५ चौरस मीटरचे असते. बूमच्या बाजूने त्याची रुंदी दोन मीटरांपेक्षा कमी भरते, म्हणजे तुम्ही मधोमध असलात तरी कड एक मीटरवर आहे.

४. कडेला पोचल्यावर डोके बाहेर काढण्याआधी हात बाहेर काढा. बोर्ड किंवा बूम लाटेने वरखाली होत असेल तर तडाखा हाताला बसेल, कपाळाला नाही.

हे सगळे पंधरा-वीस सेकंदांत होते, पण आधी केलेले असेल तरच. पोहण्याच्या तलावात किंवा छातीइतक्या शांत पाण्यात, शेजारी माणूस उभा करून, मुद्दाम शिडाखाली शिरा आणि बाहेर या. पाच वेळा डोळे उघडे ठेवून, पाच वेळा मिटून. जॅकेटच्या आक्षेपाला ‘जॅकेट काढा’ हे उत्तर नव्हे, हा सराव हे उत्तर आहे. शिकणाऱ्याचा जीव शिडापेक्षा दमछाकीने, प्रवाहाने आणि बोर्ड हातून निसटल्याने जास्त धोक्यात येतो.

दुसरी अडचण फुटणाऱ्या लाटांची. अंगावर लाट फुटत असेल तर जॅकेट घालून तिच्याखालून जाता येत नाही. ती तुम्हाला बोर्डासकट लोळवते. याचा उपाय जागा निवडण्यात आहे. लाटा फुटणारा किनारा शिकण्यासाठी नाहीच. खाडीचे शांत पाणी, आडोशाचे छोटे आखात किंवा परवानगी असलेला जलाशय निवडा.

पहिल्या दिवशी शीड लावण्याआधी

जॅकेट घालून, नुसता बोर्ड घेऊन कमरेइतक्या पाण्यात जा. आधी उताणे पडा, हातपाय सोडून द्या. तोंड कितपत वर राहते ते पाहा. मग पालथे होऊन स्वतःहून उताणे व्हा. बॉयन्सी एड तुम्हाला उलटवणार नाही, ते काम तुमचे आहे, आणि ते किती सोपे किंवा अवघड जाते हे इथेच कळू द्या. नंतर बोर्डावर बाजूने चढा: दोन्ही हात बोर्डावरच्या पट्ट्यावर किंवा पलीकडच्या कडेवर, पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागाशी आडवे, एक जोरकस लाथ, आणि छाती सरकवत वर. पाय बोर्डाखाली लोंबत असतील तर कितीही ताकद लावली तरी चढता येत नाही. सलग पाच वेळा चढता येईपर्यंत शीड जोडू नका. पाचव्यांदा जमले नाही तर आधी जॅकेट बदलून पाहा.

मग वीस-पंचवीस मीटर पोहून पाहा. जॅकेट घालून वेग बराच घटतो. बहुतेकांना सेकंदाला अर्धा मीटर जाणेही जड जाते. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचा प्रवाह एक नॉटचा असेल तर तो बरोबर तेवढ्याच वेगाने तुम्हाला उलटा नेतो. तुम्ही हात मारत राहता आणि किनारा तिथेच दिसतो. जॅकेट तरंगवते, पोचवत नाही. पोचवण्याचे काम बोर्डाचे.

वारा, भरती आणि दिवसाची वेळ

कोकण किनाऱ्यावर हंगाम ऑक्टोबर ते मे. जून ते सप्टेंबर शिकणाऱ्याने समुद्रात उतरायचेच नाही, अंगात कितीही न्यूटन असले तरी.

सकाळी मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्याजवळ पाणी आरशासारखे असते आणि शिकायला छान वाटते. पण हाच वारा नवख्याला बाहेर नेतो, आणि शंभर-दोनशे मीटर आत गेल्यावर त्याचा जोर वाढलेला कळतो. बचावाची बोट नसेल तर मतलई वाऱ्यात उतरू नका. दुपारी खारा वारा सुटतो. तो किनाऱ्याकडे किंवा तिरका येतो, आणि पडून राहिलात तरी तुम्हाला जमिनीकडे आणतो. ८ ते १२ नॉट, म्हणजे ताशी १५ ते २२ किलोमीटर वारा शिकायला भरपूर झाला. समोरच्या पाण्यावर जागोजागी पांढरा फेस दिसू लागला की परत फिरा.

भरती-ओहोटीचे तक्ते फोनवर मिळतात, पण कोळ्यांचा जुना हिशेबही पाठ असू द्या: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. मुंबईच्या आसपास हा अंदाज चांगला जुळतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, गोव्यात तो दोन मीटरच्या आसपास असतो. फरक जितका मोठा, तितका खाडीतला प्रवाह जोरदार. उधाणाच्या दिवसांत ओहोटी सुरू होण्याच्या आत पाण्याबाहेर या.

धरणात भरती नाही, पण डोंगरांतून येणारा वारा झटक्याझटक्याने येतो आणि दिशा बदलतो. पाण्याखाली झाडांचे बुंधे आणि मासेमारीची जाळी असतात. जॅकेटचे लोंबते पट्टे जाळ्यात अडकतात, म्हणून ती टोके खोचण्याचा आग्रह.

इंग्लंड, नेदरलँड्स, कॅलिफोर्निया अशा ठिकाणी राहणाऱ्यांसाठी हिशेब वेगळा. पाणी १५ अंशांखाली असेल तर पडल्याबरोबर अनावर धापा लागतात, आणि तोंड पाण्याखाली असताना त्यातली एक धाप पुरेशी असते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने शरीराची ऊब खेचते. दहा-पंधरा मिनिटांत बोटे बूम धरेनाशी होतात. तिथे वेटसूट आणि त्यावर बॉयन्सी एड, दोन्ही हवे. पहिले मिनिट-दीड मिनिट फक्त तरंगायचे, श्वास आवरायचा, मग हालचाल.

काही बिघडले तर

पडल्यावर पहिली नजर बोर्डाकडे. शीड जोडलेले असेल तर ते पाण्यात नांगरासारखे काम करते आणि बोर्ड फार दूर जात नाही. तरी लगेच निघा. जोड तुटून बोर्ड सुटला असेल तर पहिली वीस मीटर जीव तोडून पोहा. अंतर कमी होत नाही असे दिसले की थांबा आणि शिडाकडे परत या. मास्टमध्ये आणि त्याच्या खिशात हवा असल्याने शीडही बराच वेळ तरंगते, शिवाय लांबून दिसते.

बोर्ड आहे पण शीड चालवता येत नाही, अशा वेळी बूम आणि शीड बोर्डाच्या मागच्या भागावर आडवे टाका, पुढे पालथे पडा आणि हाताने वल्हवत या, वाऱ्याला छेद देऊन तिरके. वारा फार असेल तर आउटहॉलची, म्हणजे शीड बूमच्या टोकाशी ताणून धरणारी, दोरी सोडा, शीड मास्टभोवती गुंडाळा, बांधा आणि त्यावर पोट टेकवून वल्हवा. ते ओझे वाटू लागले आणि किनारा लांब जात राहिला तर शीड सोडून द्या. बोर्ड मात्र कुठल्याही परिस्थितीत सोडायचा नाही. जॅकेट आहे म्हणून बोर्ड सोडून पोहत निघणे, ही जॅकेटने होणारी सगळ्यात घातक चूक.

मदत हवी असेल तर बोर्डावर बसून दोन्ही हात बाजूंना ताठ करून सावकाश वर-खाली करा. एकच हात हलवला तर किनाऱ्यावरचे लोक उलट हात हलवून ‘टाटा’ करतात. शिट्टी वाजवा. जलरोधक पाकिटात फोन असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ किंवा सर्वसाधारण ११२. जाण्याआधी किनाऱ्यावर एका माणसाला परतायची वेळ सांगून ठेवलेली असली, तर शोध अर्धा आधीच झालेला असतो.

परत आल्यावर

जॅकेट गोड्या पाण्याने खळखळून धुवा आणि सावलीत, जाड हँगरवर वाळवा. चेनमध्ये मीठ राहिले तर महिन्याभरात ती जाम होते. उन्हात कापड आधी फिके पडते, मग विरते. गाडीच्या डिकीत, पेट्रोलच्या डब्याशेजारी ठेवू नका. त्यावर बसू नका. दाबलेला फोम हळूहळू हवा सोडतो आणि ते बाहेरून दिसत नाही.

म्हणून वर्षातून एकदा, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, घरी उचल मोजा. एक मोठे पिंप पाण्याने भरा. जॅकेटला व्यायामशाळेतल्या लोखंडी प्लेट्स सुतळीने बांधा. लोखंड पाण्यात सुमारे आठव्या हिश्शाने हलके होते, त्यामुळे ५० न्यूटन तपासायला ५ नव्हे तर पावणेसहा किलोच्या आसपास वजन लागते. जॅकेट पाण्याखाली दाबून आत अडकलेली हवा काढून टाका आणि दहा मिनिटे तसेच राहू द्या. हात सोडल्यावर ते वर आले तर हंगाम निर्धास्त काढा. तळाशी बसले तर पाव-पाव किलो काढत जा आणि किती वजनावर ते वर येते ते लिहून ठेवा. लेबलवरच्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त घट असेल तर नवे घ्या. जुने कोणाला देऊ नका, किनाऱ्यावर ठेवूनही येऊ नका. खांद्यांचे पट्टे कात्रीने कापा आणि मगच टाका, म्हणजे दुसरे कोणी ते चांगले समजून अंगात घालणार नाही.